अजगराची पैदास सोपी, हिशेब अवघड

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेने सुमारे ४५ किलोमीटर अंतर कापले की गुम्मिडिपूंडी लागते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील हे ठिकाण आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. तेथून थोड्याच अंतरावर आंध्र प्रदेशाची हद्द सुरू होते, तर पूर्वेस पुलिकत सरोवर पसरलेले आहे. कारखान्यांच्या आसपास भातशेती, तळी आणि काटेरी झुडपांची माळराने आहेत. साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या इरुळा समाजाच्या वस्त्याही या जिल्ह्यात आहेत. उष्ण व दमट हवा, शेतांतील उंदीर आणि पाण्याची जवळीक, अशा अजगराच्या बहुतेक गरजा या मुलखात भागतात.

चेन्नई, बंगळुरू, मुंबई, पुणे अशा महानगरांत परदेशी अजगर पाळण्याची हौस गेल्या काही वर्षांत वाढली आहे. त्यापाठोपाठ घरच्या घरी त्यांची पैदास करण्याचे आकर्षणही आले. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत जन्मलेले पिलू निरुपद्रवी वाटते. मात्र त्याचे आईबाप कोठून आले आणि ते स्वतः पुढे कोठे जाणार, हे दोन प्रश्न त्याच्यासोबतच जन्माला येतात. महानगराच्या वेशीवर गुम्मिडिपूंडीसारखा मुलूख असतो, तेव्हा दुसरा प्रश्न केवळ मालकापुरता राहत नाही.

देशी अजगर आणि परदेशी अजगर

या विषयात पहिला गोंधळ नावाचा होतो. आपल्याकडे जंगलात व शेतशिवारात आढळणारा अजगर म्हणजे भारतीय अजगर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून त्याला वाघाइतकेच कडक संरक्षण आहे. तो पकडणे, घरात ठेवणे, विकणे वा त्याची खासगी पैदास करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद असून, २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम १० हजार रुपयांवरून २५ हजार रुपये करण्यात आली. या प्राण्याची पैदास केवळ मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांत, नियमांच्या चौकटीत होऊ शकते. ईशान्य भारतात आढळणाऱ्या ब्रह्मी अजगरालाही असेच संरक्षण आहे.

हौशी लोकांच्या पेट्यांत दिसतो तो बहुधा 'बॉल पायथन'. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर आहे. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी साधारणतः एक ते दीड मीटर भरते. भय वाटले की तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. लहान आकार, संथ स्वभाव आणि क्वचितच चावण्याची वृत्ती या गुणांमुळे तो जगभरातील सर्पपालकांचा आवडता ठरला. भारतात मात्र तो निसर्गतः कोठेही आढळत नाही.

अंड्यापासून पिलापर्यंत

बॉल पायथनची पैदास तांत्रिकदृष्ट्या फारशी अवघड नाही. नर साधारणतः दीड वर्षात, तर मादी दोन ते तीन वर्षांत वयात येते. थंडीच्या दिवसांत रात्रीचे तापमान काही अंशांनी उतरू दिले की मीलनाचा काळ सुरू होतो. मादी एका वेळी साधारणतः चार ते सहा अंडी घालते. क्वचित ही संख्या दहा-अकरापर्यंत जाते. अंड्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. ते चामड्यासारखे लवचीक असते आणि हवेतील ओलावा शोषून घेते.

ही अंडी ३१ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात, भरपूर आर्द्रता राखून उबवली की सुमारे ५५ ते ६० दिवसांत पिले बाहेर येतात. या काळात अंडी उलटीपालटी करायची नसतात. कोंबडी आपली अंडी वारंवार फिरवते. सापाच्या अंड्यातील गर्भ मात्र एका बाजूस स्थिरावलेला असतो आणि अंडे फिरल्यास तो दगावू शकतो. पूर्ण वाढ झालेले पिलू तोंडाच्या टोकावरील इवल्या दाताने कवच आतून चिरते आणि एक-दोन दिवसांनी बाहेर येते. आठवडाभराने ते पहिली कात टाकते आणि त्यानंतरच पहिला उंदीर खाते.

निसर्गात हे उबवण्याचे काम मादी स्वतः करते. अंड्यांभोवती वेटोळे घालून ती जवळजवळ दोन महिने बसते आणि या काळात बहुधा काही खात नाही. भारतीय व ब्रह्मी अजगराची मादी तर याहून विलक्षण काम करते. साप हा थंड रक्ताचा प्राणी मानला जातो. पण अंड्यांवर बसलेली ही मादी स्नायूंना लयबद्ध हिसके देत अंगात उष्णता निर्माण करते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात १८४१ साली आशिल व्हॅलान्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने अशा मादीचे तापमान मोजले होते. पुढे १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील मादीवर झालेल्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सभोवतालची हवा जसजशी गार होत गेली, तसतसे मादीच्या स्नायूंचे हिसके वाढत गेले, असे त्यात दिसून आले.

भारतीय अजगराची मादी बहुधा मार्च ते जून या काळात अंडी घालते. त्यांची संख्या काही डझनांत असते, कधी ती शंभराच्या घरातही जाते. घरच्या पैदाशीच्या दृष्टीने ही संख्या महत्त्वाची आहे. मोठ्या जातीच्या अजगराची एकच वीण पन्नास घरांचा प्रश्न निर्माण करू शकते. बॉल पायथनची वीण लहान असली तरी त्याचे आयुष्य दीर्घ असते. बंदिवासात तो २० ते ३० वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात जुलै २०२० मध्ये एका मादीने सात अंडी घातली. तिचे वय ६२ वर्षांहून अधिक असावे, असा तेथील अंदाज होता आणि किमान १५ वर्षे ती नराच्या सहवासात नव्हती. आज हौसेने घेतलेले पिलू घेणाऱ्याच्या मुलांच्या संसारापर्यंत साथ करू शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

रंगांचा बाजार

या पैदाशीमागे निव्वळ हौस नाही, मोठी बाजारपेठही आहे. बॉल पायथनचा मूळ रंग तपकिरी, त्यावर काळी नक्षी. निसर्गात क्वचित एखादे पिलू पांढरट-पिवळे, म्हणजे रंगहीन जन्मते. असा गुण बंदिवासात पुढच्या पिढीत उतरवण्यात १९९२ साली अमेरिकेत यश आले आणि रंगांच्या शोधाला वेग आला. आज या एका जातीत शेकडो रंगप्रकार तयार करण्यात आले आहेत.

या सर्वांच्या मुळाशी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम आहेत. रंगहीनतेचा गुण अप्रभावी असतो. तो आईबाप दोघांकडून आला तरच पिलात दिसतो. दिसण्यास साधारण, पण हा गुण सुप्तपणे बाळगणारे नर आणि मादी एकत्र आले, तर सरासरी चारपैकी एक पिलू रंगहीन निघते. उरलेल्या तिघांचे काय करायचे, हा प्रश्न जाहिरातींत दिसत नाही. दुर्मीळ रंगाच्या एका पिलासाठी साध्या रंगाची अनेक पिले जन्मतात आणि त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण जाते.

काही रंगप्रकारांची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. 'स्पायडर' या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकारात कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी असते. परंतु त्याच गुणासोबत तोल सांभाळण्यातील दोषही येतो. अशा सापाचे डोके थरथरते, मान पिळवटते आणि कित्येकदा भक्ष्यावरचा नेम चुकतो. नक्षी आणि व्याधी एकाच गुणसूत्राशी जखडलेल्या असल्याने निवड करून केवळ व्याधी वगळता आलेली नाही.

विमानतळावरील पेट्या

भारतात हे प्राणी कोठून येतात, याचे उत्तर विमानतळांवरील सीमाशुल्क विभागाच्या कारवायांत सापडते. ११ जानेवारी २०२३ रोजी चेन्नई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या दोन बेवारस बॅगांत ४५ बॉल पायथन, ८ कॉर्न स्नेक, ३ मार्मोसेट माकडे आणि ३ तारा कासवे आढळली. हे प्राणी बँकॉकला परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये तिरुचिरापल्ली विमानतळावर क्वालालंपूरहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४७ अजगर सापडले. सप्टेंबर २०२३ मध्ये बंगळुरू येथे ५५ बॉल पायथन आणि १७ नागराज जिवंत सापडले, तर त्यांच्यासोबतची ६ कॅपुचिन माकडे मृतावस्थेत होती. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बिस्किटे व केकच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन हाती लागले.

या पकडींतील अनेक साप निवडक रंगप्रकारांचे होते. याचा अर्थ ते जंगलातून थेट आलेले नव्हते. कोणीतरी त्यांची पैदास केली होती. बंदिवासातील पैदाशीमुळे जंगलातील प्राण्यांवरचा ताण कमी होतो, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अंशतः खरा आहे. पण पैदास वाढली म्हणून तस्करी थांबली नाही, हेही या घटनांवरून दिसते. कापडी पिशव्यांत आणि डब्यांत कोंबलेल्या या प्राण्यांची ना वैद्यकीय तपासणी झालेली असते, ना त्यांना विलगीकरणात ठेवलेले असते.

'बंदिवासात जन्मलेला' म्हणजे काय?

विक्रीच्या वेळी 'बंदिवासात जन्मलेला' हे शब्द हमीसारखे वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांचे अर्थ अनेक होतात. टोगो, बेनिन आणि घाना या देशांतून बॉल पायथनची मोठी निर्यात होत आली आहे. तेथे जंगलातून गाभण माद्या वा अंडी गोळा केली जातात, पिले बंदिस्त जागेत बाहेर काढली जातात आणि परदेशी पाठवली जातात. पिलू बंदिवासात जन्मले हे खरे, पण त्याची आई जंगलातली असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीचा समावेश आता 'संकटाच्या जवळ' या गटात केला आहे.

इंडोनेशियातील हिरव्या वृक्ष-अजगरांविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक बोलका आहे. पैदास केंद्रांतील म्हणून निर्यात झालेल्या या सापांपैकी किमान ८० टक्के साप प्रत्यक्षात जंगलातून पकडलेले होते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. पैदास केंद्राचा कागद हा जंगलातील मालाला कायदेशीर रूप देण्याचे साधन बनला होता. यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. केंद्राने पिलांच्या अंड्यांची कवचे जपून ठेवावीत आणि निर्यातीच्या वेळी ती पुरावा म्हणून दाखवावीत. कागद कोणालाही भरता येतो, पण कवच दाखवायचे तर आधी अंडे असावे लागते.

कायद्याची नवी वही

भारतात परदेशी प्राण्यांची स्थिती दीर्घकाळ विचित्र होती. १९७२ चा अधिनियम देशी वन्यजीवांपुरता होता. सीमा ओलांडताना प्राणी पकडला गेला तर सीमाशुल्क कायदा लागू होई. पण तो एकदा घरात पोहोचला की त्याला विचारणारे कोणी नव्हते. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. ठरावीक मुदतीत माहिती देणाऱ्यांकडे प्राण्याच्या मूळ कागदपत्रांची मागणी केली जाणार नव्हती.

त्यानंतर २०२२ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराच्या याद्यांतील जाती चौथ्या अनुसूचीत घेण्यात आल्या. बॉल पायथन त्यात येतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची झाली. आधीपासून प्राणी बाळगणाऱ्यांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. प्राण्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांची नोंद देणेही मालकावर बंधनकारक आहे.

म्हणजे आता घरात अंडी फुटली की ती खासगी बाब राहत नाही. प्रत्येक पिलाची नोंद हवी आणि ते दुसऱ्याला दिले तर त्याचीही नोंद हवी. ही वही प्रामाणिकपणे भरली गेली तरच तस्करीचा साप आणि घरी जन्मलेला साप यांत फरक करता येईल. अन्यथा चोरून आणलेले पिलू 'आमच्याकडेच जन्मले' असे सांगून त्याच वहीत घुसवणे सोपे होईल. इंडोनेशियात झाले ते हेच.

इरुळांचा फ्लोरिडा प्रवास

हिशेब न ठेवलेल्या पाळीव अजगरांचे काय होते, याचे उत्तर शोधण्यासाठी चेन्नई परिसरातील दोन इरुळांनाच २०१७ साली अमेरिकेला जावे लागले.

इरुळा समाजाचा सापांशी जुना संबंध आहे. एकेकाळी सापांची कातडी विकणे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. वन्यजीव कायद्यानंतर आणि १९७०च्या दशकात कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आल्यानंतर तो व्यवसाय संपला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या प्रयत्नांनी १९७८ साली इरुळा सर्पपकड औद्योगिक सहकारी संस्था स्थापन झाली. सर्पदंशावरील प्रतिविषासाठी लागणारे विष हे लोक आता सापांकडून मिळवतात आणि ठरावीक काळानंतर सापांना पुन्हा निसर्गात सोडतात.

या समाजातील मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना फ्लोरिडा राज्याने जानेवारी २०१७ मध्ये एव्हरग्लेड्स भागातील ब्रह्मी अजगर शोधण्यासाठी पाचारण केले. हे अजगर तेथील नव्हेत. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले काही निसटले, काही मालकांनी डोईजड झाल्यावर सोडून दिले. २००० सालापर्यंत ते तेथे स्थिरावून वाढू लागल्याचे स्पष्ट झाले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, अजगर सर्वाधिक काळ असलेल्या भागात रॅकूनच्या दर्शनात ९९.३ टक्के, ओपॉसमच्या दर्शनात ९८.९ टक्के आणि बॉबकॅट या रानमांजराच्या दर्शनात ८७.५ टक्के घट झाली होती. त्याच वर्षी अमेरिकेने ब्रह्मी अजगराची आयात आणि राज्याराज्यांतील वाहतूक बंद केली. पण तोवर उशीर झाला होता.

मासी आणि वडिवेल यांनी पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच १३ अजगर शोधून काढले. त्यांत १६ फूट लांबीची एक मादीही होती. यंत्रांना आणि प्रशिक्षित कुत्र्यांना जे जमत नव्हते, ते त्यांनी गवतावरील खुणा व विष्ठा पाहून केले. या दोघांना भारत सरकारने २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविले.

फ्लोरिडाची कथा तेवढ्यावर संपत नाही. तेथील सुमारे ४०० अजगरांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील १३ अजगरांत भारतीय अजगराच्या जनुकांच्या खुणा सापडल्या. म्हणजे दोन जातींचा संकर झाला होता. शिवाय या अजगरांसोबत आलेला आशियातील एक फुप्फुसकृमी आता तेथील स्थानिक सापांत पसरला आहे. बॉल पायथन आकाराने लहान असल्याने तो एव्हरग्लेड्सची पुनरावृत्ती करील, असे म्हणता येणार नाही. परंतु रोगजंतूंना यजमानाच्या आकाराशी देणेघेणे नसते. पाळीव अजगरांत श्वसनमार्गाला ग्रासणारे विषाणू आढळतात. असा एखादा साप झुडपांत सोडला गेला, तर त्याच्या सहवासात येणारा देशी अजगर ते विषाणू घेऊ शकतो आणि त्याच्यासाठी तेथे कोणी पशुवैद्य बसलेला नाही.

सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे

पाळीव साप नकोसा झाला की त्याला 'निसर्गात मुक्त करावे' असे अनेकांना वाटते. भावना चांगली असली तरी कृती घातक आहे. परदेशी अजगर सोडल्यास एक तर तो हालहाल होऊन मरतो किंवा जगतो, आणि तो जगणे अधिक धोक्याचे असते. असा प्राणी वन विभागाच्या वा मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. शेतात वा वस्तीत अनोळखी रंगाचा अजगर दिसल्यास त्याला मारू नये, पकडूही नये. वन विभागास कळवावे.

अजगर विकत घेऊ पाहणाऱ्याने रंगापूर्वी चार गोष्टी विचारायला हव्यात. याच्या आईबापांची नोंद आहे काय, ही नोंद माझ्या नावे होईल काय, तीस वर्षे मी याला सांभाळू शकेन काय आणि अंडी झाली तर प्रत्येक पिलाचे घर ठरलेले आहे काय. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर ती पैदास सुरू न करणेच इष्ट. उबवणपेटीतील तापमान अर्ध्या अंशापर्यंत सांभाळणारी यंत्रे बाजारात मिळतात. पेटीबाहेर पडलेल्या पिलाचा हिशेब मात्र माणसालाच ठेवावा लागतो.